सिस्टर होण्याचं वय

सकाळी साडेसातच्या सुमारास मोठ्या सरकारी रुग्णालयातला वॉर्ड माणसांनी आणि आवाजांनी एकदम भरून येतो. रात्रपाळीच्या आणि दिवसपाळीच्या सिस्टर खाटेखाटेपाशी उभ्या राहून हँडओव्हर करत असतात. बावीस नंबर, सलाईन चालू, ताप उतरलाय, रात्री झोप नाही. तेवीस नंबर, आज ऑपरेशन, तोंडाने काही द्यायचं नाही. मावशी फरशी पुसत असतात, कुठूनतरी चहाची किटली येते, आणि त्याच गडबडीत जिन्यावरून विद्यार्थिनींची रांग वर येते. जाळीत घट्ट बांधलेले अंबाडे, इस्त्रीचे गणवेश, खिशात कात्री, दोन रंगांची पेनं आणि एक छोटी वही. बाबांच्या आजारपणात ही रांग मी रोज पाहायचो. रात्रभर कण्हणं-खोकणं ऐकून मन आंबून गेलेलं असायचं. ती रांग आली की वॉर्डात खरा दिवस उजाडायचा.

त्या रांगेत एक बाई होत्या. कानशिलापाशी केस पांढरे व्हायला लागलेले, डोळ्यांवर चष्मा, चालण्यात घराची घडी बसवून आलेल्या बाईचा ठामपणा. बाकीच्या मुली वीस-एकवीसच्या. पेशंट या बाईंना हमखास ‘मावशी’ म्हणून हाक मारायचे; विद्यार्थिनींच्या घोळक्यात त्या वयाची बाई दिसली की ती वॉर्डातली मावशीच असणार, असं सगळे धरून चालायचे. त्या हाकेला बाई ओ द्यायच्या, मागितलेलं भांडं आणून द्यायच्या, हात धुऊन परत यायच्या आणि त्याच माणसाचं मनगट हातात घेऊन घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागायच्या. मग त्याच्या लक्षात यायचं. तो ओशाळून ‘सिस्टर’ म्हणायचा. वर्गातल्या मुली त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणायला लागलो.

ताईंचं जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष चालू होतं. पस्तिशीला टेकल्या तेव्हा त्यांना प्रवेश मिळाला होता आणि आता अडतिसाव्या वर्षी त्या पास होऊन बाहेर पडणार होत्या. वॉर्डात त्यांच्या जोडीला कायम असायची ती मुलगी बारावीचा निकाल हातात पडल्या पडल्या आलेली. तीच बॅच, तीच परीक्षा, तेच प्रमाणपत्र. पण ती बाहेर पडणार होती विशीत. एकाच दिवशी एकच शिक्षण संपवणाऱ्या या दोघींमध्ये अठरा वर्षांचं अंतर होतं. त्यांना एकत्र काम करताना पाहून, शिकण्याच्या वयाबद्दल आपण घरोघरी जे ठरवून टाकलेलं असतं, ते माझ्यापुरतं तरी मोडलं.

त्या दोघी बाबांची चादर बदलायच्या, ते मी पुष्कळदा जवळून पाहिलं. पेशंट खाटेवर असतानाच चादर बदलायची, हे एकटीचं काम नव्हे. एक जण या बाजूला, दुसरी त्या बाजूला. आधी एकीने बाबांना खांद्याला आणि कमरेला आधार देऊन कुशीवर वळवायचं आणि तसंच धरून ठेवायचं. दुसरीने मळलेली चादर गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत आणायची, पाठ पुसायची, लाल झालंय का ते बघायचं. मग धुतलेली चादर अर्ध्या खाटेवर अंथरायची, त्यावर मॅकिंटॉशचं रबरी कापड, त्यावर आडवी चादर, आणि उरलेल्या भागाची गुंडाळी पाठीशी सरकवायची. मग बाबांना त्या उंचवट्यावरून हळूच पलीकडे वळवायचं, मळलेलं काढून घ्यायचं, धुतलेलं ओढून घ्यायचं. शेवटी कोपरे. चादरीचा काठ उचलून त्रिकोण करायचा, लोंबता भाग गादीखाली सारायचा, त्रिकोण खाली आणून तोही सारायचा. कोपरा असा बसतो की माणूस रात्रभर हलला तरी चादर गोळा होत नाही. चादरीची एक सुरकुती आजारी माणसाच्या पाठीखाली राहिली तर त्या जागी कातडी लाल होते, आणि लाल झालेल्या जागेचं शय्याव्रण व्हायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून शेवटी तळहात फिरवून सगळं सपाट करायचं. त्या मुलीचे कोपरे परीक्षेतल्यासारखे नेमके असायचे. ताई मात्र तळहात जास्त वेळ फिरवायच्या.

एकदा दुपारी वॉर्ड जरा निवांत असताना मी ताईंना म्हणालो, “तुम्हाला हे सगळं घरात करून सवयच असेल ना.” त्यांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. म्हणाल्या, “सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मीच केलं. म्हणून मलाही वाटलं होतं, हे आपल्याला येतंच. पहिल्या वर्षी ट्युटर मॅडमनी मला वॉर्डात मधेच थांबवलं. म्हणाल्या, तुम्ही पेशंटला दंडाला धरून ओढताय. आणि त्यांना विचारलंत का, वळवू का म्हणून? मला एकदम सासूबाई आठवल्या. इतकी वर्षं त्यांना उचललं, पुसलं, फिरवलं. पण कधी विचारलं नाही. माझ्याच होत्या ना.”

हे वाक्य मी पुढे बरेच दिवस मनात घोळवलं. घरात आजाऱ्याची सेवा करताना माया असते, आणि माया हक्काने हात घालते. वॉर्डात समोरचा माणूस आपला कोणी नसतो. त्याचं अंग त्याचं असतं. त्याला हात लावण्यापूर्वी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, पडदा ओढायचा, लागेल तेवढंच उघडं करायचं, काम झालं की झाकायचं आणि मग जे केलं ते लिहून ठेवायचं. विचारणं, मोजणं, लिहिणं. घरात यातलं काहीच शिकायला मिळत नाही. ताईंना वयाने पुष्कळ दिलं होतं: दुखण्याची ओळख, घाण न वाटणं, रडणाऱ्या नातेवाइकाशेजारी गप्प उभं राहता येणं. पण शिकायला बसल्यावर त्यांना हातांची जुनी सवय आधी मोडावी लागली. ती मोडायला त्यांच्या जोडीदारणीने मदत केली. “ताई, मनगट नको, खांदा,” असं ती हलक्या आवाजात सांगायची. अठरा वर्षांनी लहान मुलीचं ते सांगणं ताई मुकाट्याने ऐकायच्या आणि हात बदलायच्या.

ताई उशिरा आल्या, असं त्यांच्याबद्दल सगळेच म्हणत. नातेवाईक म्हणत, शेजारी म्हणत, कधी कधी त्या स्वतःही म्हणत. पण या शिक्षणाचा इतिहास पाहिला की त्यांना उशीर झाला असं म्हणवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२० सालचा. पंचविशीत असताना, १८४५ मध्ये, तिला सॅलिसबरीच्या रुग्णालयात जाऊन शुश्रूषेचं काम शिकायचं होतं. घर सधन, प्रतिष्ठित. घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. तिची इच्छा पुरी व्हायला पुढची सहा वर्षं गेली. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी, ड्युसेलडॉर्फजवळ कायझरस्वर्थ इथे पास्टर फ्लीडनर यांची संस्था होती. १८५१ मध्ये तिथे तीन महिने राहून ती शिकली. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. त्या काळातल्या मुलीचं ‘योग्य वय’ केव्हाच मागे पडलं होतं. त्या तीन महिन्यांनंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ती क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी शिपायांसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने शाळा सुरू झाली तेव्हा ती स्वतः चाळीस वर्षांची होती. एका वर्षाचा अभ्यासक्रम, पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी. आणि विद्यार्थिनींसाठी इष्ट वय ठरवलं होतं २५ ते ३५. पुढे जगभरच्या शाळांनी जिचा कित्ता गिरवला, त्या शाळेने दारातच सांगितलं होतं की आम्हाला जग पाहिलेल्या बायका हव्यात. सतरा-अठराव्या वर्षी, शाळेतून थेट, ही प्रथा नंतरची. रात्रीच्या वॉर्डात एकटीने निर्णय घ्यायचा, दारू पिऊन आलेल्या माणसाला आवरायचं, डॉक्टरांना वेळेवर नेमकं सांगायचं, याला थोडं आयुष्य गाठीशी असावं, असा त्यामागचा विचार होता.

समुद्रापलीकडे बोस्टनमध्येही हेच दिसतं. तिथल्या बायकामुलांच्या रुग्णालयातून, न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रनमधून, १८७३ मध्ये लिंडा रिचर्ड्स बाहेर पडली. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. वय ३२. रोग्यांच्या लेखी नोंदी व्यवस्थित ठेवण्याची पद्धत रुजवण्याचं श्रेय तिला देतात. आणि त्याच रुग्णालयात मेरी एलायझा महोनी नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री वर्षानुवर्षं राबत होती: स्वयंपाक, धुणं, झाडलोट, हाताखालची शुश्रूषा. जवळपास पंधरा वर्षं ती त्या इमारतीत होती, पण वर्गाच्या बाहेर. १८७८ मध्ये तिला वर्गात घेतलं तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. सोळा महिन्यांचा अभ्यासक्रम. दिवस पहाटे साडेपाचला सुरू होऊन रात्री साडेनऊला संपायचा. बरोबरच्या बहुतेकींनी मध्येच सोडून दिलं. १८७९ मध्ये ती तो पुरा करून बाहेर पडली, चौतिसाव्या वर्षी, अमेरिकेत हे प्रमाणपत्र मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून. महोनीच्या बाबतीत उशीर कोणाला झाला, हा प्रश्न विचारला की उत्तर लख्ख दिसतं. उशीर दाराला झाला. ती आधीपासून तिथेच उभी होती.

आपल्याकडे, पुण्यात, हेच दार रमाबाई रानड्यांनी ढकललं. १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आतच होत्या. पुढची काही वर्षं शोकात गेली. मग त्या बाहेर पडल्या आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन ही संस्था उभी राहिली. सेवासदनातून बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या, त्यांत विधवा होत्या. त्या काळात पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, त्याची जात न विचारता त्याची जखम धुवायची, म्हणजे काय, याची कल्पना आज करणं कठीण आहे. घरच्यांना आणि समाजाला समजवायचं, बायकांच्या मनातली भीती घालवायची, हे काम रमाबाईंनी चिकाटीने केलं.

त्या विधवांच्या आयुष्याचा क्रम आजच्या क्रमाच्या बरोबर उलटा होता. आधी लग्न, तेही कळत्या वयाच्या आत. मग वैधव्य. मग कोणाच्या तरी घरी राबण्याची वर्षं, ज्यांची गणती कुठल्याच दाखल्यात नाही. आणि त्यानंतर शाळा. मराठी घरातून आलेल्या परिचारिकांच्या पहिल्या पिढ्यांमध्ये अशा बायका होत्या. ज्यांच्या आयुष्याचा शेवट झाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्या ससूनच्या वॉर्डात थर्मामीटर वाचायला शिकत होत्या. एखादी पस्तिशीतली बाई आज नर्सिंगच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते, तेव्हा ती या पंगतीत बसते. ती या व्यवसायातली पाहुणी नव्हे, ती त्याच्या जुन्या घरातली आहे.

आज नियम काय सांगतात? भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार या शिक्षणात पाऊल टाकायला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पुरी झालेली हवीत. एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची पूर्वी साडेतीन होती ती आता तीन, बीएस्सी नर्सिंगची चार. म्हणजे सरळ वाटेने गेलेली मुलगी विशीत किंवा एकविशीत बाहेर पडते. जीएनएमला वरची मर्यादा ३५ ची; पण जी आधीच एएनएम किंवा लेडी हेल्थ व्हिजिटर म्हणून काम करते आहे तिच्यासाठी वयाची अटच नाही. हा अपवाद मला फार मोलाचा वाटतो. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, हे सरकारी प्रमाण. त्या उपकेंद्रावरच्या नर्सबाईंनी वर्षानुवर्षं लसीकरणाच्या डब्यात बर्फ भरून पायवाटा तुडवलेल्या असतात, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केलेली असतात. त्या पंचेचाळिशीत वर्गात येऊन बसल्या, तर त्यांना वय विचारणं हा अपमानच ठरेल, आणि निदान या एका ठिकाणी नियम तो अपमान करत नाही.

याशिवाय पोस्ट बेसिक बीएस्सीच्या दोन वर्षांसाठी वॉर्डात बरीच नोकरी झालेल्या स्टाफ सिस्टर परत वर्गात येतात. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली तोवर कुठेतरी ट्युटर झालेल्या असतात. हे शिक्षण असं वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या पायऱ्यांवर संपतं, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडणारी बाई वेगळी असते. १९४८ मध्ये लोरेटोचा मठ सोडल्यावर मदर तेरेसा पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या होली फॅमिली रुग्णालयात गेल्या आणि काही महिने इंजेक्शन, मलमपट्टी, बाळंतपण शिकल्या. त्याही तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरण्यापूर्वी हात शिकलेले हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं. शुद्ध भावना असली म्हणून जखम बांधता येत नाही.

हे सगळं लिहिताना त्या वीस वर्षांच्या मुलीवर अन्याय होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या वयाचं कौतुक करायचं म्हणून लहान वयाला कोवळं, अजाण ठरवणं फार सोपं असतं. तिचा एक प्रसंग सांगतो. पलीकडच्या खाटेवरचे एक म्हातारे गृहस्थ पहाटेच्या सुमारास गेले. रात्रपाळीला एक स्टाफ सिस्टर होत्या आणि सोबत ही मुलगी. डॉक्टर येऊन बघून गेले, वेळ केस पेपरवर लिहिली गेली, मुलगा बाहेर जाऊन फोन करत राहिला. पडदे ओढले तरी एका बाजूने फट राहिली होती, आणि मला झोप नव्हती. सिस्टरांनी सलाईनची सुई काढली, तिथे कापूस लावला. मुलीने ओल्या फडक्याने चेहरा पुसला, डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधली. मग हात पुसायला घेतला. आणि तो उचलण्यापूर्वी ती त्या गेलेल्या माणसाला म्हणाली, “आजोबा, हात उचलते हं जरा.”

सिस्टर काही बोलल्या नाहीत. दोघींनी मिळून पायाचे अंगठे बांधले, पांढरी चादर घातली, नावाची चिठ्ठी लावली. नंतर ती मुलगी बेसिनवर कोपरापर्यंत हात धूत बराच वेळ उभी होती. सहा वाजले, इंजेक्शनचा ट्रे भरायची वेळ झाली, आणि ती ट्रे घेऊन एक नंबरच्या खाटेपाशी गेली. तिच्या वयाच्या मुली त्या पहाटे गाढ झोपेत असतील. हात लावण्यापूर्वी विचारायचं, हे तिला इतकं आतपर्यंत शिकवलं गेलं होतं की समोर उत्तर देणारं कोणी उरलं नाही तरी ती विचारत होती. ताईंना जुनी मोडून जी सवय घडवावी लागली, ती या मुलीच्या हातात पहिल्यापासून घडली होती, कारण तिच्या हातांना आधीची कुठलीच सवय नव्हती. विशीत शिकण्याची हीच श्रीमंती. आणि त्याची किंमतही तिने मोजली होती. मरण म्हणजे काय, हे तिला घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या आधी, परक्याच्या खाटेपाशी उभं राहून कळलं होतं.

ताईंची किंमत वेगळी. जीएनएमच्या अनेक शाळांमध्ये वसतिगृहात राहावं लागतं. ताईंना रोज घरून यायची परवानगी मिळाली होती, पण त्यामुळे त्यांचा दिवस दोन्ही टोकांना लांबला होता. पहाटे उठून डबे, मग वॉर्ड, मग वर्ग, मग घर, आणि सगळे झोपले की अभ्यास. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, आणि त्यांचं शिक्षण मराठीतून. औषधांची नावं पाठ होत नसत म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवली होती. गणिताची भीती मोठी होती, आणि या कामात गणिताला माफी नाही. ५०० मिलिलिटरची सलाईन चार तासांत द्यायची, संच मिलिलिटरला १५ थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? पाचशे गुणिले पंधरा, भागिले दोनशे चाळीस. उत्तर ३१. हे त्यांनी सातवीतल्या मुलासोबत बसून त्याच्याच वहीच्या मागच्या पानांवर सोडवलं. तो गुणाकार तपासायचा, त्या भागाकार करायच्या. बाबांच्या सलाईनची चकती फिरवून थेंब मोजताना त्या डोळे घड्याळाच्या सेकंदकाट्यावर ठेवून ओठांत पुटपुटायच्या. मिनिट पुरं होईपर्यंत त्या कोणालाही उत्तर देत नसत.

आता मला जी गोष्ट खरोखर खुपते ती सांगतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत शिरायला खुल्या प्रवर्गासाठी वयाची कमाल मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. आणि जीएनएमला प्रवेश मिळतो ३५ पर्यंत. हे दोन आकडे शेजारी ठेवा. पस्तिशीत प्रवेश, तीन वर्षं शिक्षण, निकाल, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी, मग जाहिरातीची वाट. जाहिराती काही दरवर्षी ठरल्या महिन्यात निघत नाहीत. एका हाताने दार उघडं धरायचं आणि माणूस आत येऊन कामाला लागण्याच्या बेतात असताना दुसऱ्या हाताने पुढचं दार लावून घ्यायचं, असं हे होतं. मग उरतात खाजगी रुग्णालयं, तिथले लांबलेले तास आणि तुटपुंजे पगार. सरकारी कर्मचारी निवृत्त होतो ५८ व्या वर्षी. अडतिसाव्या वर्षी पास झालेल्या बाईपुढे पुरी वीस वर्षं असतात. एखाद्या वॉर्डाला वीस वर्षं सलग मिळणारी बाई आपण केवळ जन्मतारखेपायी गमावतो, आणि दुसरीकडे परिचारिकांची पदं रिकामी आहेत म्हणून हळहळतो. उशिरा शिकलेल्या परिचारिकांसाठी ही मर्यादा सैल करायला हवी. निदान ज्या वयाला शाळेने प्रवेश दिला, त्या वयाच्या हिशेबाने नोकरीचं दार तरी उघडं राहायला हवं. वसतिगृहाच्या नियमात लेकुरवाळ्या बाईला जागा हवी. मराठीतून शिकून आलेल्यांसाठी पहिल्या वर्षी भाषेची वेगळी तयारी हवी. यातलं काहीही अवघड नाही.

कोणी म्हणेल, वय वाढलं की रात्रपाळी झेपत नाही, पाय सुजतात, पाठ धरते. खरं आहे. वॉर्डातली नोकरी पायांवर उभं राहून करायची असते, आणि पाय वयाचा हिशेब ठेवतात. पण वॉर्डाचं काम म्हणजे फक्त धावणं नव्हे. दाखल झालेल्या माणसाला घाम का फुटलाय, तो गप्प का झालाय, त्याची बायको कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा पदर का चुरगळतेय, हे वाचणारी नजरही लागते. त्या मुलीची नजर यंत्रावरच्या आकड्यांकडे आधी जायची, आणि ते आकडे ती चटकन, बिनचूक वाचायची. ताईंची नजर आधी चेहऱ्याकडे जायची. एकदा बाबांचा बीपी अगदी व्यवस्थित आला असताना ताई त्यांच्याकडे बघत थांबल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरांना सांगूया. बाबा आज कालच्यासारखे नाहीत.” मुलीने लगेच ताप पाहिला, नाडी पाहिली, श्वास मोजले, सगळं वेळेसकट लिहिलं आणि तो कागद घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. जंतुसंसर्ग सुरू झाला होता, आणि तो वेळेत सापडला. एकीने ओळखलं, दुसरीने सिद्ध केलं. बाबांना त्या सकाळी दोघींची गरज होती.

म्हणून हे शिक्षण कोणत्या वयात पुरं करावं असं कोणी मला विचारलं, तर माझ्याकडे आकडा नाही. परक्या माणसाचं दुखणं हे आपल्या हाताचं काम आहे असं ज्या वयात वाटायला लागतं, ते त्याचं वय. एखाद्या मुलीला ते सतराव्या वर्षी वाटतं, आणि तिचे आईवडील तिला दुसरीकडे वळवायला बघतात. एखादीला ते घर, लेकरं, म्हातारी माणसं सगळं निभावून चाळिशीच्या तोंडावर वाटतं, आणि तिला म्हणतात, आता कशाला. दोघींचं ऐकून घ्यायला हवं. घरच्यांनी, शाळांनी आणि वयाच्या मर्यादा ठरवणाऱ्या सरकारनेही. त्या जेव्हा येतील तेव्हा वर्गात त्यांच्यासाठी बाक असावा, परीक्षा झाल्यावर वॉर्डात काम असावं, आणि खाटेवरच्या माणसाने पहिल्या हाकेलाच त्यांना सिस्टर म्हणावं.